हुमणीच्या आतड्यातला पडदा: त्याच्या प्रथिनांची जनुकं कशी ओळखायची

निफाडच्या काळ्या जमिनीत सप्टेंबरमध्ये उसाचं पिवळं पडलेलं बेट ओढलं की ते हिसका न देताच हातात येतं. मुळं उरलेलीच नसतात. खाली वीतभर उकरलं की अर्धगोल वळलेली, पांढरट अंगाची, तांबूस डोक्याची हुमणी सापडते, आणि तिच्या शेपटाकडच्या कातडीतून आतली काळी माती स्पष्ट दिसते. ही अळी मुळांबरोबर खरखरीत माती गिळते, त्या मातीतली बुरशी आणि जिवाणू गिळते, आपण आळवणीतून सोडलेलं औषधही गिळते. हे सगळं आतड्याच्या नाजूक पेशींना थेट भिडत नाही, कारण मधे एक पातळ पडदा असतो. त्या पडद्याची प्रथिनं कोणत्या जनुकांवरून तयार होतात, हे शोधायची पूर्ण रीत इथे देतो आहे. प्राणिशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा कृषी कीटकशास्त्रात एमएस्सीचा प्रकल्प करणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींना डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. जुन्या द्राक्षबागेतल्या खोडकिड्यावर काम करायचं असेल तरी वाट हीच आहे, फक्त आतड्यात मातीऐवजी लाकडाचा भुसा भेटेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डेटाबेसमध्ये एखाद्या जनुकापुढे ‘पेरिट्रॉफिन-सदृश’ (पेरिट्रॉफिन म्हणजे या पडद्यातलं प्रथिन) असं लिहिलेलं असतं म्हणून ते आतड्याच्या पडद्याचं ठरत नाही. ते नाव बहुतेक वेळा संगणकाने साम्य पाहून चिकटवलेलं असतं. उलट खरी पडद्याची प्रथिनं ‘कार्य अज्ञात’ या शिक्क्याखाली पडून राहतात. तीन पुरावे एकत्र आल्याशिवाय यादीत नाव चढवायचं नाही: प्रथिनाची रचना, त्याचं पेशीबाहेर स्रवणं, आणि खात्या अळीच्या मध्यांत्रातच (आतड्याच्या मधल्या भागातच) त्याचं जनुक चालू असणं.

पडदा आणि त्याची खूण

कीटकाच्या आतड्याचे तीन भाग. पुढचा आणि मागचा भाग बाहेरच्या कातडीसारखाच कवचाच्या अस्तराने मढवलेला असतो. मधल्या भागाला, म्हणजे मध्यांत्राला, असं अस्तर नसतं. तिथे पेशी काइटिन (कवचातही असतो तो साखरेच्या साखळ्यांचा चिवट पदार्थ) आणि प्रथिनं स्रवतात आणि त्यांचं जाळं अन्नाभोवती नळीसारखं उभं राहतं. यालाच पेरिट्रॉफिक मॅट्रिक्स म्हणतात. त्यात काइटिनचा वाटा साधारण ३ ते १३ टक्के, बाकीचा मोठा भाग प्रथिनांचा. काइटिनचे धागे ही प्रथिनं एकमेकांशी बांधून ठेवतात.

बांधून ठेवण्याचं काम करणारा प्रथिनाचा तुकडा म्हणजे काइटिन धरणारा पेरिट्रॉफिन-ए डोमेन. प्रथिनांच्या डोमेनांच्या पीफॅम या संग्रहात त्याचा क्रमांक पीएफ०१६०७. त्याची खूण म्हणजे सहा सिस्टीन, गंधक असलेली अमिनो आम्लं. पहिल्या आणि दुसऱ्या सिस्टीनमध्ये १३ ते २० अमिनो आम्लं, पुढे अनुक्रमे ५–६, ९–१९, १०–१४ आणि ४–१४. हे सहा सिस्टीन आपसात तीन डायसल्फाइड बंध बांधतात, म्हणून आतड्यातली पाचक विकरं हा तुकडा सहज तोडू शकत नाहीत. हे अंतरांचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, शेवटपर्यंत लागतात.

भुंगेरावर्गात या कामाचा भक्कम आधार म्हणजे पिठातला तांबडा भुंगेरा, ट्रायबोलियम कॅस्टेनियम. त्याचा जीनोम २००८ साली प्रसिद्ध झाला. २०१०च्या अभ्यासात त्या जीनोममध्ये हा डोमेन असलेली सगळी प्रथिनं चाळली गेली. काइटिन-चयापचयाची १३ विकरं बाजूला काढल्यावर २९ प्रथिनं उरली आणि त्यांची तीन कुळं पडली. फक्त पहिलं कुळ, ११ प्रथिनांचं, मध्यांत्राचं निघालं. त्यांना पीएमपी (पेरिट्रॉफिक मॅट्रिक्स प्रोटीन) म्हणतात. एकेकात १ ते १४ डोमेन असतात आणि अळी खाती असते तेव्हाच त्यांची जनुकं चालू असतात. दुसऱ्या कुळात प्रत्येकी तीन डोमेन, तिसऱ्यात प्रत्येकी एक. ही दोन्ही कुळं, सीपॅप-३ आणि सीपॅप-१ (सीपॅप म्हणजे पेरिट्रॉफिनसारखी कवचाची प्रथिनं), मध्यांत्राबाहेरच्या ऊतींत काम करतात, कवचाशी त्यांचं नातं आहे. म्हणजे डोमेन सापडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त प्रथिनं आपल्या उपयोगाची नव्हती. हुमणीतही हेच होणार असं धरूनच कामाला लागा.

अळी कधी आणि कोणती घ्यायची

वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे कडुलिंब, बाभूळ, बोर यांवर जमतात, मादी मातीत अंडी घालते, आणि ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात शेवटच्या अवस्थेतल्या मोठ्या अळ्या मिळतात. हाच काळ साधायचा. शेतकऱ्याला आधी फोन करून जा. गोडी छाटणीच्या दिवसांत द्राक्षवाल्याकडे बोलायलाही वेळ नसतो, त्यापेक्षा त्याच गावातलं उसाचं, मक्याचं किंवा सोयाबीनचं रान बघा.

अळी खाती असली पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं. मागच्या कातडीतून काळं आतडं दिसत असेल तर ती खाते आहे. अंग एकसारखं पिवळसर, मलईच्या रंगाचं झालं असेल तर तिने आतडं रिकामं केलंय आणि ती कोषाकडे निघालीय. त्या अळीत पीएमपी जनुकं मंदावलेली मिळतील आणि तुम्ही उगाच निष्कर्ष काढाल की हुमणीत ती नाहीतच.

महाराष्ट्रात होलोट्रिकिया सेराटा ही हुमणीची प्रमुख जात असली तरी ‘हुमणी’ हे नाव अनेक जातींना एकत्र लागतं. गुदद्वाराच्या खालच्या बाजूला असलेल्या राठ केसांची मांडणी भिंगाखाली बघून फोटो काढा, आणि प्रत्येक अळीचा एक पाय अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा. त्यातून सीओआय जनुकाचा ६५८ बेसचा तुकडा वाढवून जात पक्की करता येते. १९९४पासून वापरात असलेली फोल्मर प्रायमरची जोडी यासाठी पुरते. दोन जातींच्या अळ्या एकाच नळीत गेल्या तर पुढे एकाच जनुकाच्या दोन आवृत्त्या दोन जनुकं म्हणून मोजल्या जातात आणि ते निस्तरता येत नाही.

चिरफाड

अळी बर्फावर ठेवून निपचित करा, ७० टक्के अल्कोहोलने पुसा, थंड बफर सलाइनमध्ये मेणाच्या तबकडीवर कुशीवर टाचा. कातडी बाजूने, अगदी वरवर कापायची. कात्रीचं टोक वर उचललेलं ठेवा, नाहीतर मागचं फुगलेलं आतडं फुटतं आणि तबकडीभर चिखल होतो. डोक्यामागे आखूड पुढचं आतडं, त्यानंतर लांब मध्यांत्र, त्यावर बोटांसारख्या छोट्या पिशव्यांची तीन कडी, आणि शेवटी मागच्या आतड्याचा गडद फुगा. मध्यांत्र दोन्ही टोकांना थोडं आत सरकून कापा. टोकाला चिकटलेला पुढच्या किंवा मागच्या आतड्याचा बारीकसा तुकडाही कवचाची जनुकं नमुन्यात घेऊन येतो.

आता मध्यांत्र उभं चिरा आणि चिमट्याने आतला ऐवज एका टोकाकडून हळू ओढा. माती आणि मुळांचे तुकडे एका झिरझिरीत, पारदर्शक नळीत गुंडाळलेले अख्खेच्या अख्खे बाहेर येतात. ती नळी म्हणजेच आपला पडदा. तो सलाइनमध्ये तरंगताना बघणं हा या कामातला फार आनंदाचा क्षण आहे, घाई करू नका. पडदा वेगळ्या नळीत, कोरड्या बर्फावर किंवा उणे ८०ला. पुढे प्रथिनांच्या तपासणीसाठी तो लागेल.

उरलेली आतड्याची भिंत थंड सलाइनमध्ये दोन-तीनदा धुवा. कारण काळ्या मातीतली ह्युमिक द्रव्यं आरएनएबरोबर येतात आणि उलट-प्रतिलेखनाचं, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणारं, विकर अडवतात. आरएनए काढल्यावर द्राव तपकिरी दिसला तर स्तंभावर पुन्हा शुद्ध केल्याशिवाय पुढे जाऊ नका. भिंतीवर चांदीच्या तारांसारख्या दिसणाऱ्या श्वासनलिकाही शक्य तितक्या ओढून काढा. त्यांनाही कवचाचं अस्तर असतं आणि सीपॅप कुळातली जनुकं तिथे चालतात. मध्यांत्राच्या नमुन्यात सीपॅप दिसलं की मुलं गोंधळतात, आणि कारण बहुधा हे श्वासनलिकांचं असतं.

मध्यांत्राबरोबर तुलनेसाठी मागचं आतडं, चरबीपिंड आणि आतडं काढलेलं शरीर वेगवेगळं जपा. तुलनेचे नमुने नसतील तर तिसरा पुरावा कधीच मिळणार नाही. प्रत्येक ऊतीचे निदान तीन स्वतंत्र संच हवेत, आणि हे संच वेगवेगळ्या अळ्यांचे असावेत. एकाच अळीचे तीन तुकडे म्हणजे तीन संच नव्हेत.

आरएनए आणि एक नेहमीचा गैरसमज

ट्रायझॉलने आरएनए चांगला निघतो. त्यात फिनॉल असतं, म्हणून हूड आणि हातमोजे हवेतच. त्याच्या सांडपाण्यात ब्लीच कधीही ओतू नका, विषारी वायू तयार होतो.

गुणवत्ता तपासताना सिक्वेन्सिंग कंपनीकडून ‘आरआयएन कमी आहे, नमुना खराब’ असा निरोप येऊ शकतो. आरआयएन म्हणजे आरएनए किती शाबूत आहे हे सांगणारा आकडा. बहुतेक कीटकांत २८एस आरआरएनएमध्ये (रायबोसोमच्या मोठ्या आरएनएमध्ये) मुळातच एक छुपी खाच असते. नमुना तापवला की त्याचे जवळपास सारखे दोन तुकडे होतात आणि ते १८एसच्या जागी येऊन बसतात. जेलवर एकच ठळक पट्टा दिसतो आणि यंत्र त्याला मोडका आरएनए समजतं. पट्टा रेखीव असेल, खाली धुरकट ओढ नसेल, तर नमुना चांगला आहे हे कंपनीला ठामपणे सांगा. चांगले नमुने या एका आकड्यापायी फेकले जातात, याचं फार वाईट वाटतं.

सिक्वेन्सिंगमध्ये तुकड्याच्या दोन्ही टोकांकडून घेतलेली १५० बेसची वाचनं (रीड्स) हवीत; प्रत्येक नमुन्याला त्यांच्या दोन-तीन कोटी जोड्या पुरतात. कंपनी नमुने परदेशी पाठवते का हे आधी विचारा. जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे जैविक संसाधन देशाबाहेर देण्याला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम लागतात. आपल्या कॉलेजच्या मार्गदर्शकांशी बोलूनच करार करा.

पैसे नसतील तर अमेरिकेच्या एनसीबीआय या संस्थेच्या एसआरए संग्रहात, जिथे सिक्वेन्सिंगची मूळ वाचनं ठेवतात, भुंगेऱ्यांचा बराच आरएनए डेटा मोफत आहे. ट्रायबोलियमवर अख्खी रीत एकदा गिरवा. ११ पीएमपी तुमच्या हाताने परत सापडल्या की मग हुमणीकडे वळा. माझं तर म्हणणं आहे की पैसे असले तरी आधी हेच करा.

संगणकावरची चाळणी

स्वतःचा मोठा संगणक लागत नाही. गॅलेक्सी या मोफत संकेतस्थळावर खातं उघडलं की खालची बहुतेक साधनं ब्राउझरमधूनच चालतात. फास्टपीने वाचनं स्वच्छ करा, ट्रिनिटीने ती जोडून अख्खे आरएनए क्रम उभे करा. स्वतःच्या मशीनवर चालवायचं असेल तर दहा लाख जोड्यांना साधारण एक जीबी रॅम हा अंदाज धरा. जोडणी कितपत पूर्ण झाली ते बुस्कोने बघा. त्याच्या ‘इन्सेक्टा’ संचाच्या दहाव्या आवृत्तीत जवळपास सगळ्या कीटकांत असायला हवीत अशी १,३६७ जनुकं आहेत, त्यातली किती सापडली ते कळतं. फक्त मध्यांत्राच्या नमुन्यावर हा आकडा कमी येणं स्वाभाविक आहे, म्हणून सगळ्या ऊतींची वाचनं एकत्र घालून जोडणी करा.

मग ट्रान्सडिकोडरने प्रथिनांचे क्रम काढा. इथे एक सेटिंग बदलायचंच आहे. हे साधन मुळात १०० अमिनो आम्लांपेक्षा लहान प्रथिनं टाकून देतं. एकच डोमेन असलेलं पीएमपी त्याच्या आसपासच असतं, त्यामुळे ते गुपचूप गळतं. मर्यादा ७०वर आणा. कचरा वाढेल, पण तो पुढच्या चाळणीत जातोच.

आता एचएमएमसर्चमध्ये पीएफ०१६०७चा साचा देऊन सगळी प्रथिनं शोधा. पहिल्यांदा पीफॅमच्या ठरलेल्या उंबरठ्यावर, दुसऱ्यांदा सैल, डोमेनचं ई-मूल्य (जुळणी निव्वळ योगायोगाने मिळण्याचा अंदाज) ०.००१पर्यंत घेऊन. दोन्ही याद्यांतला फरक हाताने तपासायचा. जोडीला ट्रायबोलियमच्या ११ पीएमपी घेऊन टीब्लास्टएन (प्रथिनाचा क्रम थेट आरएनए क्रमांत शोधणारं साधन) चालवा, म्हणजे ट्रान्सडिकोडरने चुकवलेलंही हाती लागेल.

मिळालेलं प्रत्येक प्रथिन अळीचंच आहे का, हे इथेच बघा. अळीच्या पोटात मुळं, बुरशी आणि सूत्रकृमीही असतात, आणि हा डोमेन सूत्रकृमींतही असतो. एनसीबीआयच्या एनआर या प्रथिन-संग्रहात ब्लास्टने साम्य शोधा. सगळे जवळचे नातलग सूत्रकृमी निघाले तर ते बाजूला ठेवा.

नंतर स्रावाचा संकेत ओळखणारं सिग्नलपी ६. सुरुवातीला स्रावाचा संकेत नसलेलं प्रथिन पडद्यात जाऊच शकत नाही. फक्त क्रम पुढून तुटलेला असेल तर संकेतही तुटलेला असतो, म्हणून मेथिओनिनपासून सुरू न होणाऱ्या क्रमांना लगेच नापास करू नका, वेगळी ‘अपूर्ण’ यादी करा. पेशीपटलात रुतणारे भाग असलेली प्रथिनंही इथे वेगळी होतील.

इंटरप्रोस्कॅनने बाकीचे डोमेन पाहा. सोबत जीएच१८ दिसला तर ते कायटिनेज, डीअ‍ॅसिटिलेजचा डोमेन दिसला तर ते काइटिन डीअ‍ॅसिटिलेज. ही विकरं आहेत, पडद्याची बांधणीची प्रथिनं नव्हेत. पण फेकू नका. ट्रायबोलियममध्ये काही डीअ‍ॅसिटिलेज आतड्यातच चालतात, प्रबंधात त्यांचं स्वतंत्र पान होऊ शकतं.

यानंतरचं काम संगणकावर सोडू नये असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक डोमेन वेगळा कापा, एकाखाली एक छापा आणि सिस्टीनवर रंगीत पेनने गोल करा. अंतरं वहीतल्या आकड्यांशी ताडा. पाचच सिस्टीन सापडले तर बहुतेकदा जोडणीत चूक आहे, कधी डोमेन खरंच मोडका असतो. मूळ वाचनं त्या जागी लावून बघा म्हणजे कळेल. डोमेनांच्या मधे सेरीन, थ्रिओनिन, प्रोलीन यांची लांब रांग दिसली तर तीही नोंदवा. तिथे साखरेच्या साखळ्या जोडल्या जातात आणि पडद्याला म्युसिनचा गुळगुळीतपणा येतो.

आणखी एक खोच इथेच लक्षात ठेवा. दहा-बारा डोमेनचं प्रथिन म्हणजे जनुकात एकसारखे तुकडे पुन्हा पुन्हा. आखूड वाचनांवरून जोडणी करताना ट्रिनिटी हे तुकडे एकमेकांत मिसळतं. त्यामुळे लांब पीएमपी दोन-तीन लहान जनुकं म्हणून दिसतं किंवा त्याचे डोमेन कमी भरतात. संशय आला तर टोकांवर प्रायमर लावून पूर्ण क्रम पीसीआरने वाढवा आणि लांबी जेलवर बघा. लांब वाचनांचं सिक्वेन्सिंग परवडत असेल तर उत्तमच.

कुळ ठरवणं

डोमेनांची संख्या मोजून कुळ ठरत नाही. पीएमपीतही एक किंवा तीन डोमेन असू शकतात आणि सीपॅपमध्येही. म्हणून वंशवृक्ष काढावाच लागतो. हुमणीच्या उमेदवारांबरोबर ट्रायबोलियमच्या तिन्ही कुळांतली प्रथिनं आणि फळमाशीची ऑब्स्ट्रक्टर प्रथिनं (सीपॅप-३ची नातलग) घ्या. मॅफ्टच्या अचूक पद्धतीने डोमेन जुळवा, आयक्यू-ट्रीला मॉडेल निवडू द्या, हजार अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप लावा. या प्रकारात ९५ किंवा त्याहून जास्त आधार असलेल्या फांदीवरच भरवसा ठेवायचा. अख्खी प्रथिनं जुळवून झाड काढू नका. डोमेनांची संख्या वेगळी असल्यामुळे जुळणी रिकाम्या जागांनी भरते आणि झाड बिघडतं.

चालू कुठे आहे?

सॅल्मनने मोजणी, डीसेक२ने तुलना. पीएमपी मध्यांत्रात ठळक आणि बाकी ऊतींत जवळजवळ शून्य असायला हवं. शंका असलेल्या जनुकांसाठी क्यूपीसीआर करा. प्रायमर दोन एक्झॉनच्या सांध्यावर, तुकडा ८० ते १५० बेसचा, कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांत. संदर्भ जनुकं दोन तरी घ्या, आणि ती मध्यांत्र व शरीर दोन्हीत स्थिर आहेत हे आधी दाखवा. कात टाकायच्या बेतातल्या अळ्यांचा वेगळा संच घेतला तर फार उपयोग होतो. त्यांनी खाणं थांबवलेलं असतं, तेव्हा पीएमपी उतरताना आणि कवचाची जनुकं चढताना एकाच आलेखात दिसतात.

जपून ठेवलेला पडदा आता मास स्पेक्ट्रोमेट्रीला पाठवा. युरियाने धुतल्यावरही जी प्रथिनं पडद्यातच राहतात ती काइटिनला घट्ट बांधलेली. एखादं पीएमपी इथे सापडलं नाही म्हणून रद्द करू नका. ट्रिप्सिनला तोडायला लायसिन आणि आर्जिनिन लागतात, म्युसिनसारख्या लांब भागांत ती विरळ असतात, त्यामुळे मोजता येणारे तुकडेच पडत नाहीत.

जनुकाचं काम तपासायचं तर आरएनए हस्तक्षेप, म्हणजे द्विपदरी आरएनए देऊन जनुक दाबणं. भुंगेरे याला चांगला प्रतिसाद देतात, हे आपलं भाग्य. द्विपदरी आरएनएचा ३०० ते ५०० बेसचा तुकडा निवडा आणि त्यातले सलग २१ बेस दुसऱ्या कुठल्याही पीएमपीशी जुळत नाहीत ना, ते बघा. २०१४मध्ये ट्रायबोलियमवर हे काम झालं. पीएमपी-३ आणि पीएमपी-५बी ही दोन जनुकं दाबली की चमकता डेक्स्ट्रान (चमकणारी खूण लावलेली साखरेची लांब साखळी) पडद्यातून झिरपू लागला, चरबी घटली, कात टाकणं अडलं आणि अळ्या मेल्या. हुमणीत त्यांचे जवळचे नातलग कोणते, हा तुमच्या यादीतला पहिला प्रश्न असू द्या. प्रयोगाआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी घ्यायची, आणि तयार केलेला आरएनए शेतात फवारून बघायचा मोह कटाक्षाने टाळायचा.

नावं देताना ट्रायबोलियमचा क्रमांक तेव्हाच वापरा जेव्हा झाडावर एकास एक नातं पक्कं दिसतं. नाहीतर नवा क्रमांक द्या. क्रम जेनबँकेत किंवा फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात जमा करताना जात, अळीची अवस्था, ऊती, तारीख, तालुका, पीक आणि त्या हंगामात शेतात टाकलेलं औषध, सगळं लिहा. शेवटची माहिती शेतकऱ्याकडेच मिळते, म्हणून अळी खणतानाच विचारून वहीत टिपून घ्या.